बीअरची संग्रहालयं बघायला जाताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुलगा आयर्लंडमध्ये शिकतोय, मुलगी म्युनिकला नोकरीला आहे, उन्हाळ्यात पंधरा दिवसांची युरोप सहल ठरली आहे, आणि यादीत कुठेतरी 'बीअर म्युझियम' असं लिहिलेलं दिसतं. मग प्रश्न सुरू होतात. बरेच जण ते हळू आवाजात विचारतात. इथे ते मोकळेपणाने घेतले आहेत.

बीअरच्या म्युझियममध्ये बघायचं तरी काय असतं? शेवटी दारूच ना?

दारू असतेच, पण ती बहुतेक ठिकाणी शेवटच्या दालनात, एका पेल्यापुरती. त्याआधीचे दोन तास धान्य, पाणी, लाकूड, तांबं, बर्फ आणि जंतू यांच्या गोष्टीत जातात. सातूला मोड आणायचे, वाळवायचे, भाजायचे, गरम पाण्यात घोळून त्यातली साखर काढायची, हॉप्स नावाच्या वेलीची कडू फुलं घालून उकळायचं, गार करायचं आणि मग यीस्टच्या हवाली करायचं. कृती एवढीच. तिच्यासाठी लोकांनी डोंगर पोखरले, प्रयोगशाळा उभारल्या, कायदे केले.

जायच्या आधी एक फरक ध्यानात ठेवा. या नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. एक, जिथे आजही बीअर बनते असा कारखाना, फेरफटक्यासह. दोन, बंद पडलेल्या कारखान्यात किंवा जुन्या वाड्यात मांडलेलं खरंखुरं संग्रहालय. तीन, कंपनीने स्वतःच्या ब्रँडसाठी उभारलेला झगमगाट: दिवे, पडदे, सेल्फीच्या जागा आणि बाहेर पडताना टी-शर्टचं दुकान. तिसऱ्या प्रकारातही मजा येते, पण तिकीट तिथलंच सगळ्यात महाग असतं आणि माहिती सगळ्यात कमी मिळते.

आम्ही घेत नाही. तरी जाण्यात अर्थ आहे का?

आहे. माझं तर मत असं आहे की न पिणारा माणूस तिथे जास्त बघतो, कारण त्याचं लक्ष शेवटच्या पेल्याकडे लागलेलं नसतं.

दोन उदाहरणं देतो. दहावीच्या विज्ञानात जो सामू शिकलात आणि जो आज आपल्याकडे माती परीक्षणाच्या अहवालात छापून येतो, ती मोजपट्टी 1909 साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन सोरेनसन या रसायनशास्त्रज्ञाने मांडली. बीअर मुरताना आम्लता किती आहे हे नेमकं सांगता यावं ही तिथली रोजची गरज होती. दुसरं उदाहरण डब्लिनचं. गिनेस या प्रसिद्ध बीअरच्या कारखान्यात विल्यम सीली गॉसेट नावाचा गणिती नोकरीला होता. सातूचं कोणतं वाण चांगलं हे मोजक्या नमुन्यांवरून कसं ठरवायचं, हा त्याच्यापुढचा पेच. त्याने काढलेली रीत 1908 साली 'स्टुडंट' या टोपणनावाने छापून आली, कारण कंपनी कर्मचाऱ्यांना स्वतःच्या नावाने लिहू देत नव्हती. राहुरी-दापोलीच्या कृषी विद्यापीठांत जी 'टी-टेस्ट' करून मुलं प्रबंध लिहितात, तीच ही.

चवीची सोयही असते. डब्लिनच्या गिनेस स्टोअरहाउस या पर्यटन केंद्रात पेल्याऐवजी शीतपेय किंवा बिनअल्कोहोलची गिनेस मागता येते. मागायला लाजू नका, काउंटरवरच्या माणसाला त्यात काही नवल वाटत नाही.

एकच ठिकाण बघायचं असेल तर कोणतं?

चेक प्रजासत्ताकातलं प्लझेन. प्रागहून रेल्वेने साधारण दीड तास, आणि कारखाना स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर.

आज आपल्याकडे 'बीअर' म्हटल्यावर जी सोनेरी, पारदर्शक, फेसाळ गोष्ट डोळ्यांसमोर येते तिचा जन्म इथला. 1295 साली राजा वाक्लाव दुसरा याने शहर वसवलं आणि 260 नागरिकांना बीअर बनवून विकायचा हक्क दिला. घरोघरी बनणाऱ्या या बीअरची प्रत पुढे इतकी घसरली, की 1838 साली संतापलेल्या लोकांनी 36 पिंपं नगरभवनासमोर ओतून दिली. मग हक्कदार नागरिकांनीच वर्गणी काढून सामाईक कारखाना बांधला आणि शेजारच्या बव्हेरियातून योसेफ ग्रोल नावाचा ब्रुअर, म्हणजे बीअर बनवणारा कारागीर, आणला. हा माणूस स्वभावाने फार तुसडा होता म्हणतात. त्याने प्लझेनचं मऊ पाणी, हलका भाजलेला सातू, झाटेत्सचे हॉप्स आणि बव्हेरियन यीस्ट एकत्र आणलं, आणि 5 ऑक्टोबर 1842 रोजी पहिला घाणा काढला. तोवर युरोपातली बहुतेक बीअर गडद आणि गढूळ असायची. पुढे या शहराच्या नावावरून 'पिल्सनर' हा प्रकारच जगभर पसरला. आपल्या दुकानांत मिळणाऱ्या बहुतेक लॅगर (थंडीत सावकाश मुरवलेल्या बीअर) या त्याच्याच लांबच्या नातेवाईक.

कारखान्याच्या फेरीत तांब्याच्या प्रचंड कढया दिसतात, बाटल्या भरायचा विभाग दिसतो, पण खरं कारण तळघराचं. वाळूच्या खडकात हाताने कोरलेली ही तळघरं सुमारे 9 किलोमीटर लांब आहेत. हिवाळ्यात बर्फ आणून साठवायचा आणि त्याच्या गारव्यावर वर्षभर बीअर मुरवायची, अशी जुनी रीत. आज बहुतेक बीअर स्टीलच्या टाक्यांत मुरते, पण थोडी अजून तिथेच, ओकच्या मोठ्या पिंपांत ठेवतात. फेरीच्या शेवटी पिंपाच्या तोंडाशी एक माणूस उभा असतो. तो लाकडी तोटी फिरवतो आणि न गाळलेली, न तापवलेली बीअर थेट तुमच्या पेल्यात येते. ती किंचित धुरकट दिसते, फेस साईसारखा दाट. बाटलीतल्या त्याच नावाच्या बीअरपेक्षा ती गोल लागते, मागून कडवटपणा सावकाश येतो. भिंतीतून पाणी झिरपत असतं, पायाखालची फरशी ओली असते आणि सगळे पेला दोन्ही हातांत धरून उभे असतात. ही बीअर बाहेर सहसा मिळत नाही.

याच शहरात दुसरं, छोटं ब्रुअरी संग्रहालय आहे. बीअर बनवण्याचा हक्क असलेल्या एका जुन्या गॉथिक घरातच ते मांडलंय. तिथूनच शहराखालच्या मध्ययुगीन भुयारांत उतरता येतं, डोक्यावर शिरस्त्राण घालून. दिवसभर हाताशी असेल तर कारखाना सकाळी, भुयारं दुपारी असा बेत करा.

जमलं तर एखाद्या पबमध्ये 'म्लीको' मागून बघा. पेलाभर फक्त ओलसर, गोडसर फेस मिळतो. आपल्याकडे असा पेला आला तर गिऱ्हाईक भांडायला उठेल. तिथे तो लोक मुद्दाम मागवतात.

डब्लिनच्या गिनेस स्टोअरहाउसचं तिकीट महाग वाटतं. पैसे वसूल होतात का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. उत्तर तुम्ही काय शोधताय यावर आहे.

बीअर कशी बनते हे प्रत्यक्ष बघायचं असेल तर निराशा होईल. खरा कारखाना शेजारी चालू आहे, पण तुम्ही फिरता ती 1904 साली पूर्ण झालेली किण्वनाची इमारत, जिथलं काम 1988 मध्ये थांबलं. 2000 च्या अखेरीस तिचं पर्यटन केंद्र झालं. सात मजले, आणि मधला रिकामा भाग गिनेसच्या पेल्याच्या आकारात कोरलेला. हा झगमगाटाचाच प्रकार आहे, हे मान्य करूनच आत शिरावं.

पण झगमगाट नेटका आहे. आर्थर गिनेसने 31 डिसेंबर 1759 रोजी या जागेचा करार केला तो 9000 वर्षांसाठी, वर्षाला 45 पौंड भाड्याने. ते करारपत्र तळमजल्यावर जमिनीत काचेखाली ठेवलंय. (पागडीच्या घरात वाढलेल्या मुंबईकराला त्यापुढून लवकर हलवत नाही. पुढे कंपनीने जागा विकतच घेतली, त्यामुळे करार आता नावापुरता.) पिंपं बनवणाऱ्या कारागिरांवरचं दालन चुकवू नका. मोजपट्टी न वापरता, डोळ्याच्या अंदाजाने फळ्या वाकवून, एक थेंब न गळणारं पिंप उभं करणारी ही माणसं. त्यांच्या कामाचं जुनं चित्रीकरण तिथे सतत चालू असतं आणि बहुतेक गर्दी त्यावरून नजर टाकून वर सरकते. जाहिरातींच्या मजल्यावर 1930 च्या दशकातली टूकन पक्ष्याची चित्रं आहेत, तीही मजेशीर.

सगळ्यात वर ग्रॅव्हिटी बार. चहूबाजूंनी काच, खाली डब्लिन. इथे पेला भरताना नीट बघा. पेला तिरका धरून पाऊणएक भरतात, मग बाजूला ठेवून देतात. आत तपकिरी लाटा उसळत असतात आणि काचेलगतचे बुडबुडे चक्क खाली जाताना दिसतात. नायट्रोजनचे हे बुडबुडे फार बारीक असतात. पेल्याच्या मध्यभागी ते वर चढतात आणि द्रवाला सोबत नेतात, तो द्रव कडेने खाली उतरताना तिथल्या बुडबुड्यांना ओढून नेतो. सगळं निवळलं की वरचा भाग भरतात. कंपनी या सोहळ्याला 119.5 सेकंद लागतात असं सांगते. तो दशांश चिन्हानंतरचा पाच जाहिरातखात्याचा असावा.

थोडक्यात, डब्लिनमध्ये दोन दिवस असतील तर जा. एकच दिवस असेल तर ट्रिनिटी कॉलेजचं ग्रंथालय आणि शहरातला एखादा जुना पब मला जास्त आवडेल.

मुलांना आत घेतात का?

गिनेस स्टोअरहाउसमध्ये मोठ्यांसोबत मुलं जाऊ शकतात, 18 वर्षांखालच्यांना अर्थातच बीअर मिळत नाही. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्गलाही मुलं येतात, तिथल्या तबेल्यातले घोडे हेच त्यांचं आकर्षण. कारखान्याच्या चालू भागात, विशेषतः तळघरांत, फार लहान मुलं कंटाळतात आणि थंडीने कुरकुरतात. बाबागाडी तर तिथे अडचणच.

कायदेशीर वय देशागणिक वेगळं. आयर्लंड आणि चेक प्रजासत्ताकात 18, जपानमध्ये 20, अमेरिकेत 21. जर्मनी आणि बेल्जियममध्ये बीअरसाठी 16. म्हणजे तुमच्या अकरावीतल्या लेकाला म्युनिकमध्ये वेटर पेला आणून देऊ शकतो. त्याला काय सांगायचं ते घरूनच ठरवून निघा.

बीअरमध्ये मासा असतो हे खरं का? आम्ही शुद्ध शाकाहारी आहोत.

पूर्वी असायचा, काही ठिकाणी अजूनही. बीअर नितळ करायला माशाच्या वाताशयापासून बनवलेला 'आयसिंग्लास' नावाचा पदार्थ वापरतात. तो गढूळपणा स्वतःकडे ओढून तळाशी बसतो. आपल्या किनाऱ्यावर सातपाटी-पालघरकडे घोळ माशाचा 'भोत' सोन्याच्या भावाने विकला जातो. त्याच्या परदेशातल्या उपयोगांत मद्य नितळ करणं हाही एक सांगतात.

गिनेसने 2015 मध्ये आयसिंग्लास सोडायचं जाहीर केलं आणि पुढच्या काही वर्षांत ते पूर्ण बंद केलं. जर्मन आणि चेक लॅगरमध्ये सहसा त्याचा वापर नसतो. ब्रिटनमधल्या पिंपातल्या 'एल' या पारंपरिक बीअरमध्ये मात्र अजून सापडतो, तेव्हा तिथे विचारून घ्या. जेवणाचं म्हणाल तर बव्हेरियात शाकाहारी माणसाच्या वाट्याला प्रेट्झेल, चीज आणि लोण्याचं मिश्रण आणि बटाटा येतो. पोट भरतं, तिसऱ्या दिवशी घरची आठवण येते.

कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग कारखान्यावर स्वस्तिकं आहेत म्हणे?

आहेत. 1901 साली उभं राहिलेलं हत्तींचं प्रवेशद्वार बघा. ग्रॅनाइटचे चार मोठे हत्ती पाठीवर मनोरा तोलून उभे आहेत आणि त्यांच्या अंगावरच्या झुलीवर स्वस्तिक कोरलंय. कारखानदार कार्ल याकोबसेन याला कलेचं आणि प्राचीन गोष्टींचं वेड होतं. स्वस्तिक त्याने शुभचिन्ह म्हणूनच घेतलं आणि ते कंपनीच्या बाटल्यांवरही झळकत होतं. जर्मनीत नाझी आल्यावर बाटल्यांवरून ते हटलं, दगडावरचं मात्र राहिलं. युरोपियन पर्यटक ते बघून दचकतात, आपली माणसं आनंदाने फोटो काढतात. हत्तींवर कार्लच्या चार मुलांची आद्याक्षरंही आहेत.

याच कार्लने ग्लिप्टोटेक हे कलासंग्रहालय उभारलं आणि 1913 साली 'लिटल मरमेड'चा पुतळा शहराला दिला. त्याचा बाप जे. सी. याकोबसेन हा त्याहून भारी. 1845 साली त्याने म्युनिकहून यीस्ट आणलं ते टोपीच्या डब्यात, घोडागाडीच्या प्रत्येक थांब्यावर डब्यावर गार पाणी ओतत. 1847 मध्ये कारखाना सुरू केला, नाव ठेवलं मुलाचं. 1875 मध्ये प्रयोगशाळा काढली. तिथे 1883 साली एमिल हान्सेनने एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवायची रीत शोधली. तोवर बीअर कधी नासेल याचा नेम नसे, कारण यीस्टमध्ये जंगली भाईबंद मिसळलेले असत. याकोबसेनने हा शोध कुलूपबंद न ठेवता इतर कारखान्यांना खुला केला. लॅगरचा आजचा जागतिक धंदा त्यावर उभा आहे, आणि माझ्या मते 'होम ऑफ कार्ल्सबर्ग' बघण्याचं खरं कारण हेच. डागडुजीनंतर ते 2023 च्या अखेरीस पुन्हा उघडलं.

ब्रुसेल्सला काय बघावं?

कॉफीच्या गाडीसमोर रांग लावायची असेल तर मुख्य चौक आहेच. शेअर बाजाराच्या भव्य जुन्या इमारतीत 2023 मध्ये 'बेल्जियन बीअर वर्ल्ड' सुरू झालं, पावसाळी दुपारी बरं आहे.

मी तुम्हाला पाठवीन ते मिदी स्टेशनाजवळच्या अँडरलेख्त भागात, कँटिलॉनला. 1900 साली सुरू झालेला हा घरगुती कारखाना 1978 पासून संग्रहालय म्हणूनही खुला आहे. बाहेरून गॅरेज वाटावं असं दार. आत एक पुस्तिका हातात देतात आणि तुमचे तुम्ही फिरता.

इथे बीअरमध्ये यीस्ट कोणी घालत नाही. पोटमाळ्यावर तांब्याचं एक पसरट, उथळ भांडं आहे, खोलीभर. उकळलेला रस रात्री त्यात ओततात, छपराखालच्या फटी उघड्या ठेवतात आणि सेन नदीच्या खोऱ्यातली थंड हवा रात्रभर त्यावरून वाहू देतात. हवेतले आणि त्या जुन्या लाकडातले जंतू त्यात उतरतात, सकाळी तो रस पिंपांत जातो. उन्हाळ्यात नको ते जंतू फार, म्हणून बीअर साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबर ते एप्रिल एवढ्याच काळात बनते. मग एक, दोन, तीन वर्षं मुरलेल्या बीअरचं मिश्रण करून बाटल्या भरतात. त्याला 'ग्योझ' म्हणतात.

पिंपांच्या दालनात वर बघा. कोळ्यांची जाळी लोंबत असतात आणि ती कोणी झाडत नाही. पिंपांतून झिरपणाऱ्या गोडव्याला चिलटं येतात, कोळी ती खातात, म्हणून कोळ्यांना अभय. आपल्या अन्न व औषध प्रशासनाचा माणूस तिथे गेला तर त्याचं काय होईल, हा विचार माझ्या मनातून गेला नाही.

चवीची मात्र आधीच कल्पना देतो. आंबट, म्हणजे पहिल्या घोटाला कैरी चावल्यासारखा चेहरा होतो. दुसऱ्या घोटाला कळायला लागते. गोड लॅगरची सवय असलेले काही जण पेला तसाच ठेवून निघतात. ठेवायचा असेल तर ठेवा, पण शेजाऱ्याला विचारा, तो घेईल.

आणि ॲमस्टरडॅमचं हायनेकेन एक्स्पिरिअन्स?

मित्रांच्या टोळक्याला आवडतं. 1867 चा कारखाना, 1988 पर्यंत चालू होता. जुन्या तांब्याच्या कढया आहेत, बाकी बहुतेक पडदे आणि संगीत. रायक्सम्युझियम चालत काही मिनिटांवर आहे, वेळ कमी असेल तर तिकडे वळा.

ऑक्टोबरफेस्टची तारीख जमत नाही. म्युनिकला गेल्यावर काय?

'बीअर आणि ऑक्टोबरफेस्ट संग्रहालय' वर्षभर असतं. 2005 मध्ये उघडलं, पण घर चौदाव्या शतकातलं, लाकडी तुळयांचं. 12 ऑक्टोबर 1810 रोजी युवराज लुडविग आणि तेरेझा यांचं लग्न झालं, त्यानिमित्त घोड्यांच्या शर्यती लावल्या, आणि ती जत्रा आजही भरते. इथे 1516 च्या बव्हेरियन शुद्धता कायद्याचीही गोष्ट कळते: बीअरमध्ये फक्त सातू, हॉप्स आणि पाणी. यीस्टचा उल्लेख नाही, कारण हे काम कोण करतं हे समजायला अजून तीनेकशे वर्षं होती. लहान संग्रहालय आहे, तासाभरात होतं. जिना मात्र कमालीचा उभा.

'इंडिया पेल एल' या बीअरच्या नावातला 'इंडिया' म्हणजे आपलाच का? त्याचं संग्रहालय आहे?

आपलाच. मुंबई, मद्रास, कलकत्त्याच्या गोऱ्या साहेबांसाठी लंडनहून बीअर यायची, केप ऑफ गुड होपला वळसा घालून, चार ते सहा महिन्यांच्या प्रवासाने. लंडनच्या बो भागातला हॉजसन हा ब्रुअर ईस्ट इंडिया कंपनीच्या गोदीजवळचा. जहाजांच्या कप्तानांना तो दीड-दीड वर्षांची उधारी द्यायचा, म्हणून बाजार त्याच्या हातात. हॉप्स जास्त घातलेली ती फिकट बीअर प्रवासात टिकायची, किंबहुना मुरायची. ही बीअर भारतासाठी मुद्दाम शोधून काढली, ही दंतकथा. साध्या सैनिकांसाठी तर काळी पोर्टरच जास्त यायची.

1820 च्या दशकात हॉजसनची पुढची पिढी उधारीला हात आखडता घेऊ लागली, तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीच्या एका संचालकाने इंग्लंडमधल्या बर्टन-अपॉन-ट्रेंट गावच्या सॅम्युअल ऑलसॉप या ब्रुअरला गाठलं. ऑलसॉपच्या माणसाने पहिला नमुना चहाच्या किटलीत काढला म्हणतात. बर्टनच्या पाण्यात जिप्सम भरपूर, त्यामुळे तिथली बीअर जास्तच लख्ख आणि कडवट निघाली आणि हॉजसन मागे पडला. बास या बीअर कंपनीचा लाल त्रिकोणही बर्टनचाच, 1876 साली नोंदलेला ब्रिटनमधला पहिला ट्रेडमार्क.

वाईट एवढंच, की ही गोष्ट जिथे नीट मांडली होती ते बर्टनचं नॅशनल ब्रुअरी सेंटर 2022 मध्ये बंद पडलं. जुन्या प्रवासवर्णनांत त्याचं नाव वाचून थेट गाडी पकडू नका.

आई-बाबांना झेपेल का?

डब्लिनला लिफ्ट आहे, बसायला जागा आहे, आरामात जमतं. प्लझेनच्या तळघरात थंडी, ओली फरशी आणि बरंच चालणं, तेव्हा स्वेटर आणि घट्ट बुटं हवीतच, मे महिन्यातही. म्युनिकचा जिना गुडघेदुखीवाल्यांनी टाळावा. कँटिलॉनमध्ये पोटमाळ्यावर चढावं लागतं. चढायचं नसेल तर खाली पिंपांपाशी बसायला मिळतं.

तिकिटं आधी काढावी का?

डब्लिन आणि ॲमस्टरडॅमसाठी हो, ऑनलाइन. दिवस आणि वेळेनुसार दर बदलतात, सकाळचे स्वस्त पडतात. प्लझेनला इंग्रजी फेऱ्यांच्या वेळा ठरलेल्या असतात, त्या बघून रेल्वे निवडा. कँटिलॉनला रविवार आणि सुट्ट्या तपासून जा.

जपानला जाणार आहोत. तिथे असं काही?

सापोरोला आहे, होक्काइदोमध्ये. लाल विटांची 1890 ची साखर कारखान्याची इमारत, 1987 पासून संग्रहालय. जर्मनीत शिकून आलेल्या नाकागावा सेइबेई याने 1876 मध्ये तिथल्या कारखान्याची सुरुवात केली. साधी फेरी फुकट, चव घ्यायची तर पैसे. गाडी भाड्याने घेतली असेल तर चालवणाऱ्याने एक घोटही घेऊ नये, जपानमध्ये शेजारी बसलेल्यालाही शिक्षा होऊ शकते. चेक प्रजासत्ताकातही चालकासाठी मर्यादा शून्यच आहे.

भारतात बघण्यासारखं काही आहे का?

बीअरचं म्हणावं असं संग्रहालय नाही, आणि असायला हवं होतं. 1850 च्या दशकात एडवर्ड डायरने कसौलीत कारखाना काढला, त्यातून आजची मोहन मीकिन ही मद्य कंपनी आली. जालियनवाला बागेत गोळीबार करवणारा जनरल डायर हा या एडवर्डचाच मुलगा. एवढा इतिहास पडून आहे, पण कोणी मांडलेला नाही.

गोव्यात कांदोळीला 2021 पासून मद्याचं खासगी संग्रहालय आहे, तिथे भर फेणीवर: काचेचे जुने मोठे गाराफांव, मातीची भांडी, काजू. फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तिची गोष्ट आपली आहे, जरूर बघा. यंत्रणा बघायची तर पुण्याच्या मायक्रोब्रुअऱ्या बऱ्या. राज्यातली पहिली, देवळालीच्या नावावरून 'डूलाली' म्हणवणारी, 2009 मध्ये पुण्यातच सुरू झाली. दुपारी गर्दी नसताना गेलात आणि नीट विचारलंत, तर ब्रुअर काचेमागच्या टाक्या दाखवतो, माल्ट (मोड आणून वाळवलेला सातू) चावून बघायला देतो. महाराष्ट्रात बीअरसाठी वय 21 आणि कायद्याने परवाना लागतो, हेही लक्षात असू द्या.

येताना बाटल्या आणता येतात का?

माणशी दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय आणता येतं, त्यात बीअरही धरली जाते. म्हणजे अर्ध्या लिटरच्या चारच बाटल्या. चेक-इन सामानात, मोज्यांत गुंडाळून, बॅगेच्या मधोमध ठेवा. हातातल्या सामानात संग्रहालयाच्या दुकानातली बाटली नेलीत तर सुरक्षा तपासणीत ती सहसा काढून घेतात. तळघरातली न गाळलेली बीअर आणायच्या भानगडीत पडू नका, ती घरी पोचेपर्यंत खराब होते. कँटिलॉनची ग्योझ मात्र वर्षानुवर्षं टिकते, आणायचीच तर ती आणा. बाटली उभी ठेवून एक रात्र थंड होऊ द्या आणि उघडताना तोंड स्वतःकडे धरू नका.